हाडांची सुटी टोकं
मातीखालची माणसं : लेखांक ६

बाळाला न्हाऊ घालण्याआधी आजी टाळूवर तेल जिरवते, तेव्हा बोटाखाली ती जागा मऊ लागते, उडताना जाणवते. दीड वर्षाच्या आसपास टाळू भरून येते. वाढत्या हाडांवरून वय ओळखायची ही घरोघरची रीत. सांगाडा हाती आल्यावर आपण तेच करतो, फक्त पाहायच्या जागा वाढतात.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. लहान मुलात त्यांचेच कितीतरी जास्त तुकडे असतात. पाठीचा एकेक मणका जन्मतः तीन तुकड्यांत असतो. पाठीमागच्या कमानीचे दोन अर्धे पहिल्या ते तिसऱ्या वर्षात एकमेकांना जुळतात आणि ती कमान पुढच्या भागाला तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान सांधते.

हातापायांच्या लांब हाडांची गंमत जेवणाच्या ताटातही दिसते. कोवळ्या बोकडाचं मटण शिजलं की नळीचं टोक बोटाने सुटून येतं. ते मोडलेलं नसतं. त्याखालचा पृष्ठभाग पाहा: वाऱ्याने वाळूवर उमटाव्यात तशा बारीक लाटा असतात, धारदार कड नसते. दांडी आणि टोक यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते आणि हाड तिथेच लांबीला वाढतं. वाढ संपली की चकतीचं हाड होतं, टोक दांडीला कायमचं चिकटतं. जमिनीत कूर्चा कुजते आणि टोकं सुटी होतात. नवख्या खोदणाऱ्याला ती खडे वाटतात, म्हणून मुलाच्या सांगाड्याभोवतीची माती चाळल्याशिवाय टाकायची नसते.

टोकं जुळण्याला क्रम आहे. आधी कोपर, मग खुबा आणि घोटा, मग गुडघा, मनगट आणि खांदा. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी घडतं. सर्वांत शेवटी कॉलरबोनचं छातीकडचं टोक. पंचविशीतल्या माणसातही ते पुरतं जुळलेलं नसू शकतं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या तरुण अमेरिकन सैनिकांची हाडं मॅककर्न आणि स्ट्यूअर्ट यांनी तपासली. सैनिकांची वयं कागदावर ठाऊक होती. १९५७ च्या त्यांच्या अहवालातून दिसलं की एकाच वयाच्या दोघांत एकाचं टोक जुळलेलं असतं, दुसऱ्याचं अजून मोकळं.

तान्ह्या बाळात मात्र ही टोकं बहुतेक कूर्चेचीच, त्यामुळे मागे राहते ती दांडीच. मग तिची लांबी मोजायची. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मांडीच्या हाडाची दांडी साधारण ७४ मिलिमीटर भरते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला हे मोजमाप फार कामाचं आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. दोनशेहून जास्त दफनं सापडली, त्यांत बहुतेक मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ, वर घराची जमीन. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईबापांनी लेकरू घराबाहेर जाऊ दिलं नाही. ते मडकं डोळ्यांसमोर आलं की मोजपट्टी धरलेला हात थोडा थांबतो.

पण हाड वर्षं मोजत नाही, ते वाढ दाखवतं. पोटाला पुरेसं न मिळालेल्या मुलाची दांडी आखूड राहते आणि त्याचं वय कमी धरलं जातं. उपासमारीचा फटका दातांना तेवढा बसत नाही. म्हणून आधी दातांवरून वय काढायचं, मग हाड त्या वयाला किती मागे आहे ते पाहायचं. त्या फरकातून मुलाची आबाळ समजते. जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर खड्डे नोंदवले आहेत. एनॅमल घडत असतानाच शरीरावर ताण आला की ते राहतात.

हाड वय कमी दाखवतं, हीच अडचण आज कोर्टात उभी राहते. मनगटाच्या एक्स-रेवरून वय काढताना वर्षानुवर्षं ग्रॉयलिक आणि पाइल यांचा अ‍ॅटलस उघडला जातो. त्यातली चित्रं १९३०–४० च्या दशकांतल्या अमेरिकेच्या क्लीव्हलंडमधल्या खात्यापित्या घरच्या मुलांची. त्या चित्रांशी आपल्याकडच्या उपाशी वाढलेल्या पोराची तुलना करून त्याला तुरुंगात की बालगृहात पाठवायचं हे ठरवणं मला सहन होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलं होतं की अशा चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात शाळेचा दाखला आधी, मग पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची चाचणी. दाखलाच नसलेली मुलं बहुधा गरिबाघरची असतात, म्हणजे ज्यांच्या हाडांवर विसंबणं सर्वांत धोक्याचं, तीच या चाचणीला सामोरी जातात.

इनामगावकडे परत येऊ. मडक्यातलं ७४ मिलिमीटरचं हाड सांगतं की दिवस भरले होते. बाळ रडलं की नाही, चार दिवस दूध प्यायलं की नाही, हे त्याच्यावरून कळत नाही. ते कळतं दुधाच्या दाताच्या आतल्या एका रेघेवरून, जी जन्मानंतर काही दिवस जगलेल्या बाळातच दिसते. पुढच्या आठवड्यात ती रेघ.