पाळण्याचा झोका आणि ज्येचें गणित

शाळेंत त्रिकोणमिति शिकतांना पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत एक प्रश्न येतो, आणि तो बहुधा अनुत्तरितच राहतो. काटकोन त्रिकोणांत कोनासमोरील बाजूस कर्णानें भागिलें म्हणजे त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, मिळते हें खरें. पण मनोऱ्याची उंची काढण्यापलीकडे तिचा उपयोग काय? चित्रकलेचा ओढा असलेला विद्यार्थी तर परीक्षा संपतांच तिला रामराम ठोकतो. तोच पुढें संगणकावर चित्रें हालविण्याच्या व्यवसायांत, म्हणजे ॲनिमेशनमध्यें, शिरला कीं ही टाकलेली ज्या त्याच्यापुढें पुन्हां येऊन उभी राहते.

एक पाळणा झुलतांना दाखवावयाचा आहे असें समजूं. नेहमींच्या रीतींत चित्रकार डावें टोक, मध्य व उजवें टोक या ठळक जागा स्वतः ठरवितो. त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या अवस्था संगणक भरून काढतो. पण एवढ्यानें भागत नाहीं. खरा पाळणा टोकाशीं जातांना मंदावतो, क्षणभर थबकतो, आणि मध्यावरून सर्वांत वेगानें जातो. डिस्नेचे चित्रकार फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत ॲनिमेशनचीं जीं बारा तत्त्वें सांगितलीं, त्यांत हें मंदावणेंहि एक आहे. तें साधण्यासाठीं प्रत्येक टोकाशीं वेगळी डागडुजी करावी लागते. आणि झोक्याचा वेग बदलावयाचा झाला तर सारी मांडणी पुन्हां हातीं घ्यावी लागते.

येथें एक्स्प्रेशन मदतीस येतें. जागा, आकार, कोन अशा चित्राच्या एखाद्या गुणाला जोडलेलें लहानसें सूत्र म्हणजे एक्स्प्रेशन. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्यें ही सोय २००१ सालीं, पांचव्या आवृत्तीबरोबर आली. पाळण्याच्या कोनाला असें सूत्र द्यावें: लोटलेल्या सेकंदांस २ नें भागावें, भागाकारास पायच्या दुपटीनें गुणावें, त्याची ज्या घ्यावी आणि तिला ३० नें गुणावें. आरंभीं उत्तर शून्य येतें. अर्ध्या सेकंदानें ३० अंश. एका सेकंदानें पुन्हां शून्य. दीड सेकंदानें विरुद्ध बाजूस ३०. आणि दोन सेकंद होतांच पाळणा मूळ जागीं. झोका मोठा हवा तर ३० हा आंकडा वाढवावा, संथ हवा तर २ हा वाढवावा. टोकाशीं मंदावणें आयतेंच पदरांत पडतें.

तें कसें? ज्या ही वस्तुतः वर्तुळाची लेक आहे. समान वेगानें फिरणाऱ्या उभ्या चाकाच्या धांवेवर एक मणि बसवून त्या चाकाकडे कडेनें पाहिलें, तर मणि केवळ वरखालीं होतांना दिसतो. वरच्या व खालच्या टोकाशीं तो पाहणाऱ्याकडे येत असतो किंवा त्याच्यापासून दूर जात असतो, म्हणून थबकल्यासारखा भासतो. मध्यावर त्याचा सारा वेग दिसतो. ही वरखालीं गति म्हणजेच ज्या. तिच्याशीं काटकोनांत असलेली दुसरी गति म्हणजे कोटिज्या, अर्थात् कोसाइन. एखाद्या वस्तूच्या आडव्या जागेस कोटिज्या आणि उभ्या जागेस ज्या दिली कीं ती वर्तुळांत फिरूं लागते. ओळीनें मांडलेल्या दिव्यांना तीच ज्या थोड्याथोड्या विलंबानें दिली तर ओळींतून लाट जाते.

नवशिका एका ठिकाणीं हमखास फसतो. कोन अंशांत समजून त्यानें ९० ची ज्या मागितली, तर उत्तर १ न येतां सुमारें ०.८९ येतें, कारण हीं सूत्रें रेडियन हें माप धरून चालतात. त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसानें केंद्राशीं होणारा कोन म्हणजे एक रेडियन, सुमारें ५७.३ अंश. हें माप परकें वाटतें, पण तसें नाहीं. इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें पावणेचार अंशांच्या टप्प्यानें २४ ज्यांचीं अंतरें एका श्लोकांत गुंफिलीं, तेव्हां परिघ २१,६०० कलांचा धरून त्रिज्याहि कलांनींच मोजली. ती ३,४३८ कला भरते. ५७.३ अंशांच्या कलाहि तितक्याच होतात! कंस व त्रिज्या एकाच मापानें मोजण्याची ही दृष्टि तेव्हांची आहे. ज्या हा शब्दहि प्रवासी आहे: अरबांनीं त्याचा जीबा केला, पुढें तो जैब असा वाचला गेला, आणि जैबचें लॅटिन भाषांतर सायनस झालें, त्यावरून साइन.

मात्र शुद्ध ज्येला थकवा ठाऊक नाहीं. तिचा पाळणा अखंड सारखाच झुलत राहतो, आणि प्रेक्षकांना तो यंत्र वाटूं लागतो. म्हणून दर दहा सेकंदांनीं झोका निम्मा करणारा गुणक तिला जोडतात: ३० चे १५, १५ चे साडेसात. पण दहाच सेकंद कां, हें कोणतेंहि सूत्र सांगत नाहीं. दोरी नुकतीच आईच्या हातून सुटली आहे, कीं मूल केव्हांच झोंपीं गेलें आहे, हें चित्रकारानेंच ठरवावयाचें असतें. ज्येला रामराम ठोकणाऱ्या विद्यार्थ्याला हें कोणी वेळीं सांगितलें असतें, तर ती त्याला इतकी परकी वाटली नसती.