व्यंगचित्रातले व्यंग्य

‘व्यंगचित्र’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातले ‘व्यंग’ म्हणजे उणीव, बेढबपणा. पण त्याच्या शेजारीच आपल्या काव्यशास्त्रातला ‘व्यंग्य’ हा शब्द उभा आहे. व्यंग्य म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. राजकीय व्यंगचित्र या दोहोंवर चालते. चित्रकार मंत्र्याचे नाक वाजवीपेक्षा लांब काढतो, ते व्यंग. ते पाहून आपल्या मनात जे उमटते, ते व्यंग्य. राज्यकर्त्यांना नाकाचा फारसा राग येत नाही. त्यांना खटकते ते व्यंग्य, आणि तेच कायद्याच्या चिमटीत सापडत नाही.

याचे जुने उदाहरण पॅरिसचे आहे. राजा लुई फिलिप याची चित्रातून खिल्ली उडवल्याबद्दल शार्ल फिलिपाँ या संपादकावर 1831 मध्ये खटला भरला गेला. त्याने न्यायालयातच चार रेखाचित्रे काढून दाखवली. पहिला राजाचा चेहरा. मग तो थोडा थोडा बदलत गेला आणि चौथ्या चित्रात नुसते पेअर हे फळ उरले. त्याचा प्रश्न सरळ होता : यांतले कोणते चित्र गुन्हा ठरवणार? पहिले ठरवले तर चौथेही ठरवावे लागेल, आणि मग फळ काढणाऱ्यालाही तुरुंगात धाडावे लागेल. फिलिपाँला शिक्षा झालीच, पण ते फळ पॅरिसच्या भिंतीभिंतींवर उमटले. 1835 मध्ये फ्रान्स सरकारने कायदाच केला. छापील मजकुराला पूर्वपरवानगी नको, पण चित्राला हवी! चित्राच्या ताकदीची याहून स्पष्ट कबुली कोणती?

आपल्याकडे या ताकदीची कसोटी आणीबाणीत लागली. 25 जून 1975 च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. 1948 पासून चालत आलेले ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक ऑगस्टअखेर बंद झाले. अशा दिवसांत, 10 डिसेंबर 1975 रोजी, ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचे एक चित्र आले. राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसले आहेत, सही केलेला कागद दाराआडून आलेल्या हातात देत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असे म्हणत आहेत.

या चित्रात पंतप्रधान नाहीत, तुरुंग नाही, ‘आणीबाणी’ हा शब्दही नाही. तरी घटनेतला एक मोठा प्रश्न त्यात मावला आहे. सही करणाऱ्याने वाचावे, विचारावे, वेळप्रसंगी कागद परत पाठवावा, म्हणून तर सहीची पायरी ठेवलेली असते. ती पायरी झिजून गुळगुळीत झाली, की नागरिकाच्या स्वातंत्र्यापुढचा एक आडोसा गेला. हे लेखात सांगायला चार पाने लागली असती, आणि ती तपासनिसाने बहुधा कापली असती.

मग चित्रात व्यंजना नसेल तर? हाही प्रश्न मुंबईत उभा राहिला. 2012 मध्ये असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याने राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले होते. पुढे सरकारने ते कलम मागे घेतले. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकालात म्हटले की, या चित्रांत राग आणि तिटकारा आहे, विनोद वा उपरोध नाही. पण तेवढ्यावरून अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीका हा राजद्रोह नव्हे.

रसिकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्र फसले, असे म्हणण्याचा अधिकार आपला. ते काढूच नये, असे म्हणण्याचा अधिकार सरकारचाही नाही. फक्त चांगल्या चित्रांनाच स्वातंत्र्य द्यायचे ठरले, तर चांगले कोणते हे ज्याचे चित्र काढले तोच ठरवू लागेल.

व्यंग्य निम्मे कागदावर असते, निम्मे पाहणाऱ्याच्या मनात. चित्रकाराला गप्प बसवले जाते तेव्हा आपला निम्मा वाटाही काढून घेतला जातो.