जड प्रतिकृतीची घडवंची

सणाच्या प्रदर्शनासाठी मुलांनी एखाद्या चर्चची अथवा किल्ल्याची प्रतिकृती केली, की पाहणाऱ्यांची दृष्टी तिच्या मनोऱ्यांवर नि खिडक्यांवर खिळते. ती कशावर उभी आहे, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते. त्यापायी जो प्रसंग ओढवला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

गेल्या वर्षी बेळगावात आमच्या घरच्या मुलांनी जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची प्रतिकृती लाकूड व प्लास्टर यांची केली. १५६२ साली बांधावयास घेतलेल्या या चर्चला मुळात दोन मनोरे होते. पैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभारला गेला नाही. मुलांनीही एकच मनोरा ठेवला. वजन भरले ४८ किलो. तिच्यासाठी मी भंगाराच्या दुकानातून लोखंडी अँगल आणले, ढिगातून हाताला लागतील ते नट-बोल्ट उचलले आणि घरीच स्टँड जुळविला. स्वस्तात काम झाले, याचाच आनंद!

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मनोऱ्याकडील एक पाय एकाएकी फाकला आणि प्रतिकृती कलली. धाकटी मुलगी तिच्या पुढ्यातच बसून रंग भरीत होती. तिच्या आईने तिला खसकन मागे ओढले, म्हणून निभावले. मनोऱ्याला तडा गेला, तेवढ्यावर भागले.

दुसऱ्या दिवशी सारे सामान घेऊन उद्यमबागेतील एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. "मिस्त्रीकाका, बोल्ट तर चांगला बोटासारखा जाड होता, मग असे का झाले?" असे मी विचारले. त्यांनी बोल्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला नि म्हणाले, "मास्तर, बोल्ट कुठे तुटलाय? नट निसटलाय. बोल्ट तीन सुती आणि नट दहा एम.एम.चा. ही सोयरीक टिकायची कशी?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट साडेनऊ मिलीमीटर जाडीचा असतो व त्याला एका इंचात १६ आटे असतात. दहा मिलीमीटरच्या बोल्टाला दर दीड मिलीमीटरला एक, म्हणजे इंचात सुमारे १७ आटे पडतात. फरक इतका अल्प, की एकाचा नट दुसऱ्यावर चढतो, काही फेऱ्यांनंतर अडतो, आणि तो घट्ट बसला असे आपणांस वाटते. वस्तुतः आट्यांच्या केवळ कडा एकमेकींना धरून असतात. एरवी दहा मिलीमीटरचा साधा बोल्ट सरळ ओढून तोडावयास दोन टनांहून अधिक ताण लागतो! तात्पर्य, उणीव जाडीत नव्हती, जोडीत होती.

ही जोडी ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोन बोल्ट आट्याला आटा लावून उजेडासमोर धरावे; मध्ये फट दिसली, तर जात वेगळी. नट हाताच्या बोटांनीच शेवटपर्यंत फिरला पाहिजे, आणि फिरताना डुगडुगता कामा नये. सर्वांत बरे म्हणजे अँगल भंगारातला घ्यावा, परंतु नट, बोल्ट आणि वॉशर एकाच दुकानातून नवे घ्यावे. त्यांचा खर्च तो कितीसा!

अँगल घेतानाही डोळस असावे. तीन फूट लांब व दोन फूट रुंद चौकट आणि सव्वादोन फुटी चार पाय, यांना एकूण १९ फूट अँगल लागतो. बाजारातील सहा मीटरच्या एका नगात तो बसतो. ४० मिलीमीटर रुंदीचा व ५ मिलीमीटर जाडीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे हा सारा ऐवज साडेसतरा किलोंच्या आसपास जातो. तिरप्या आधारांना २५ बाय ५ ची पट्टी पुरते. तिचे तुकडे कारखान्यांच्या उरल्यासुरल्या मालात किलोवर मिळतात. तुकडा गंजाने पोखरलेला नाही ना, हे घासून पाहावे. जुन्या शिलाई मशीनचे पाय देखणे असतात, परंतु ते बिडाचे. बीड ओझे सोसते, हातोड्याचा घाव सोसत नाही. पाय टांगून हलकेच ठोकावा; आवाज फुटका आला, तर आत चीर आहे असे समजावे. जस्ताचा मुलामा दिलेला नळ मात्र वेल्डिंगला देऊ नये. त्या धुराने माणसाला थंडी वाजून ताप येतो.

आता ओझ्याचा हिशेब. एकाच मनोऱ्यामुळे आमच्या प्रतिकृतीचा भार मध्यापासून सहा इंच एका बाजूस सरकला होता. तीन फुटी चौकटीत त्याचा अर्थ असा, की एका बाजूच्या पायांवर ३२ किलो आणि दुसऱ्या बाजूच्या पायांवर अवघे १६. म्हणून तिरप्या पट्ट्या प्रथम जड बाजूस द्याव्या. प्रत्येक सांध्यास दोन बोल्ट घालावे. एकाच बोल्टाभोवती पाय बिजागरीसारखा फिरतो. चौकट पायांच्या माथ्यावर टेकलेली असावी, बोल्टांवर लोंबकळू नये. मंडपातील मातीत पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येकाखाली ७५ मिलीमीटरची चौरस लोखंडी पाटी जोडावी. अँगलच्या उघड्या टोकापेक्षा ती सुमारे पंधरापट जागेवर भार पसरते.

मिस्त्रींनी शेवटी एक गोष्ट बजावली: "आधी सिमेंटची दोन पोती ठेवून रात्र काढा, मग तुमचे चर्च चढवा." दोन पोती म्हणजे १०० किलो, प्रतिकृतीच्या दुपटीहून अधिक. आम्ही तसेच केले. सकाळी प्रत्येक नट पान्याने तपासला, एकही तसूभर ढळला नव्हता. त्यानंतरच प्रतिकृती वर ठेवली, आणि धाकटीला तिचा राहिलेला रंग पुरा करू दिला.