उरलेला दगड

चिरेखाणीत उतरलं की आधी कान बधिर होतात, मग नाक भरतं. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, पावसाळा सोडून कधीही जा, लांबूनच कर्कश चरचर ऐकू येते आणि लाल धुळीचा लोट दिसतो. जवळ गेलं की जमिनीत पुरुष-दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा आणि तळाशी रुळांवर सरकणारं यंत्र. त्याचं गोल पातं आधी लांबीत आणि रुंदीत उभे काप घेतं. मग दुसरं पातं जमिनीला समांतर फिरून दगडाचा तळ सोडवतं. मागून पहार घेऊन येणारा गडी एक हिसका देतो आणि सव्वा फुटाचा चिरा मोकळा होतो. कामगारांत बरेचसे कर्नाटकातले. त्यांच्या पापण्यासुद्धा गेरूच्या रंगाच्या झालेल्या असतात. पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं आणि मंडळी गावाकडे जातात.

मला खाणीची उभी भिंत बघायची होती. सगळ्यात वर काळपट, टणक कवच. त्याच्यावर पातं लवकर बोथट होतं, म्हणून ते फोडून बाजूला ढीग करतात. त्याखाली चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा: लाल, पिवळा, मधेच जांभळट, वेड्यावाकड्या नळ्यांनी पोखरलेला आणि त्या नळ्यांत पिवळट माती भरलेली. जसं खाली जावं तशी ही माती वाढत जाते, दगड कमी होतो. “माती लागली की खाण सोडायची,” मुकादम म्हणाले. “खालचा चिरा हातात घेतला तर भुगा होतो.”

त्याच्याही खाली काय आहे ते विहीर खणणाऱ्यांना माहीत असतं. जांभ्याखाली पांढुरकी चिकणमाती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळवत्री, म्हणजे बेसॉल्ट. रत्नागिरीच्या आसपास या मातीच्या थरांत लिग्नाइटही सापडलेलं आहे. पूर्वी इथे कुठेतरी झाडांचा पाला-लाकूड गाळात गाडलं गेलं आणि जांभा त्याच्या वर आहे, एवढं त्यावरून कळतं.

तर वरचा लाल दगड आणि खालचा काळा दगड ही एकाच घरातली माणसं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर साचत गेले. आज उरलेत तेवढ्यांनीच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर व्यापलेत. हा बेसॉल्ट निम्मा सिलिका असतो. उरलेल्यात ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि फटींतून आत शिरतं. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत याची सुरुवात बघता येते: मधे काळा टणक गोळा आणि त्याभोवती कांद्यासारखे सुटत जाणारे तपकिरी पापुद्रे. कॅल्शियम, सोडियम आणि मॅग्नेशियम आधी विरघळून निघून जातात. सिलिका हळूहळू जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र पाण्याला फारशी दाद देत नाहीत. बेसॉल्टमधल्या लोहाला ऑक्सिजन भेटला की ते तांबडं होतं आणि जागच्या जागी राहतं. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची पांढरी माती होते.

नुसत्या पावसाने हे साधत नाही. कोकणात चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि पुढे आठ महिने सडा तापतो. पावसाळ्यात भूजल वर चढतं, त्यासोबत थोडं लोहही विरघळून येतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि लोह वरच्या थरात अडकून बसतं. असं लाखो वर्षं. जिथे लोहापेक्षा ॲल्युमिनियम जास्त साचलं, तिथे बॉक्साइट झालं. रत्नागिरी आणि कोल्हापूर जिल्ह्यांत ते याच कारणाने आहे.

शाळेत आपण अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे तीन खण पाठ केले. जांभा त्यांतल्या एकाही खणात धड बसत नाही. तो तापून वितळला नाही, कुठून वाहत येऊन साचला नाही, दाबाखाली भाजलाही नाही. जे जायचं ते गेलं आणि जे राहिलं तो हा दगड. त्याला मूळ खडकाचं फारसं सोयरसुतकही नाही. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला आणि गोव्यात दख्खनचा बेसॉल्ट संपतो, खाली त्याहून कितीतरी जुने खडक आहेत, पण माथ्यावर पुन्हा जांभाच. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरही तोच आहे, फक्त कोकणातल्यापेक्षा बराच जुना.

खाणीतून निघालेला चिरा लगेच भिंतीत लावत नाहीत. तो उन्हात रचून ठेवतात. ताजा असताना ओलसर आणि कापायला मऊ असतो. वाळताना त्यातली लोहाची संयुगं पाणी सोडतात, त्यांचे स्फटिक धरतात आणि दगड घट्ट होतो. पुन्हा भिजवून तो पहिल्यासारखा मऊ होत नाही. मलबारात अंगाडिपुरमला फ्रान्सिस बुकानन याने नेमकी हीच गंमत पाहिली आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवली. भूशास्त्राच्या पुस्तकांत हा दगड तिथून आला. कोकणातल्या गवंड्यांना तो त्याआधी कित्येक शतकं ठाऊक होता. आणि त्याही आधी कुणीतरी याच सड्यांच्या टणक कवचात हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. 2022 पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चिरेखाणी मात्र त्याच सड्यांवर पसरत चालल्यात. खरं तर सड्याखालची माती पाणी धरते आणि उतारावर झरे सोडते, वाड्या त्या झऱ्यांच्या आधाराने वसलेल्या. एका गावात खाण आली की झऱ्याचं काय होतं, हे परवाना देताना विचारलं गेलंच पाहिजे असं मला वाटतं.

घट्ट झालेला चिराही अमर नसतो. जुन्या गोव्यातलं बाँ जेजू बासिलिका जांभ्याचं आहे, दर्शनी भागातलं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या बेसॉल्टचं. म्हणजे दोन्ही दगड एकाच भिंतीत. 1605 मध्ये चर्चचं लोकार्पण झालं तेव्हा जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात बाल्तझार काश्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढून टाकला, दगडाचा रंग दिसावा म्हणून. तेव्हापासून दर पावसाळ्यात नळ्यांमधली माती थोडी-थोडी धुऊन जाते आणि भिंत पोकळ होत जाते. सड्यावर दगडाला घडवणारं पाणी इथे त्याला खातं. गिलावा परत द्यावा का, यावर गोव्यात वाद आहे. लोकांना ती लाल भिंत आवडते, फोटोतही तीच ओळखीची झालेली. माझं मत विचाराल तर गिलावा द्यावा, आणि येत्या पावसाआधी द्यावा.