मोटारीची बखर आणि मोटारीची वही

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागू लागले, तेव्हा आमच्या घरात जुनी मोटार घेण्याचा ठराव सर्वानुमते पास झाला. पहाटे रिक्षा मिळत नाही. मिळालीच तर पुण्यातले खड्डे आईला सोसत नाहीत. प्रॉव्हिडंट फंडातून तीन लाख रुपये काढले आणि मी बाजारात उतरलो. मोटारीतले मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली गाडी एका दलालाकडे पाहिली. २०१६ सालची, आरशासारखी चकचकीत, मीटरवर ४१,००० किलोमीटर. “साहेब, डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, बस!”

“सर्व्हिसिंगचे पुस्तक?”

“घर बदलताना हरवलं हो.”

रंग पाहूनच सौभाग्यवतींनी मान डोलावली होती. मीही बयाणा देऊन मोकळा झालो असतो, पण ओळखीचा मेकॅनिक बरोबर होता. त्याने ब्रेकच्या पेडलचे रबर पाहिले. ते झिजून गुळगुळीत झाले होते. मग बॉनेट उघडून आतल्या बाजूला चिकटलेला एक काळवंडलेला कागद अंगठ्याने पुसला. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तो. त्यावर लिहिले होते, ‘पुढील ऑइल बदल : ८६,०००’. मीटर मागे फिरवणाऱ्याला एवढा कागद काढायचे सुचले नव्हते.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो का, हेही सांगतो. आणि स्वतःचे तीन लाख मोजताना मात्र दलालाची बखर ऐकत उभा! सरकारी अ‍ॅपवर नंबर घातला की गाडीच्या विम्याची मुदत कळते, कर्जाचा बोजा कळतो. पण गाडीत ऑइल वेळेवर पडले की नाही, ते सरकारला कुठून ठाऊक असणार?

दुसरी गाडी सहकारनगरात एका निवृत्त गृहस्थांकडे होती. २०१४ सालची, ९३,००० किलोमीटर झालेली, डाव्या दाराला लांबलचक ओरखडा. सौभाग्यवतींनी नाक मुरडले. “गाडी नंतर बघा, आधी ही वाचा,” असे म्हणून आजोबांनी दोनशेपानी वही माझ्या हातात दिली.

तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. आणि पानोपानी टाचलेली गॅरेजची पावती. वही काय, कोणीही एका बैठकीत लिहून काढील. पण इथे दर दोन-तीन वर्षांनी शाई बदलत होती, आणि पावत्यांवरचे आकडे वहीशी जुळत वर्षाला नऊ-दहा हजारांनी चढत होते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते म्हणून ते दर दोन वर्षांनी बदललेले. २०२० साली नोंद होती, ‘टाळेबंदी. गाडी जागेवर. बॅटरी उतरली.’ ओरखड्याचीही होती : ‘सोसायटीच्या खांबाला घासली. चूक माझी.’ या दोन शब्दांनी मी निम्मा विकला गेलो. २०२२नंतर अक्षर बदलले होते. आजोबांना दिसेनासे झाले, तेव्हापासून आजी लिहीत होत्या.

वहीने मालकाचीही भीड ठेवली नाही. टायर बदलल्याची शेवटची पावती २०१८ची निघाली. मेकॅनिकने टायरवरचे चार आकडे दाखवले : २३१८, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. क्लच प्लेट तर एकदाही बदललेली नव्हती. ही दोन्ही कामे आता माझ्या डोक्यावर येणार, असे मी चाचरत बोललो. आजोबांनी वाद न घालता तेवढे पैसे किमतीतून कमी केले. “लिहिलंय ना आम्हीच,” आजी म्हणाल्या.

विक्रीच्या फॉर्मांवर सह्या झाल्यावर त्यांनी आधी वही दिली, मग किल्ली. त्या आठवड्यात चारही टायर बदलले आणि वहीत पहिली नोंद मी केली. सौभाग्यवतींचे मत असे, की आजींचे अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.