अर्ध्यावर थांबवलेली वाइन

जगातल्या बहुतेक वाइनना द्राक्षाचा वास येत नाही. लिंबू, सफरचंद, मिरी, जळलेलं लाकूड, ओली माती असं बरंच काही त्यांत हुंगता येतं. पण ज्या फळापासून ती झाली, ते फळच हरवलेलं असतं. मस्कत कुळातली द्राक्षं याला अपवाद आहेत. वायव्य इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात या कुळातल्या बारीक मण्यांच्या पांढऱ्या जातीपासून, म्हणजे मोस्कातो बियांकोपासून, ‘मोस्कातो दास्ती’ ही वाइन करतात. ग्लास नाकाशी नेला की आधी ताजं द्राक्षच येतं. मागून पिकलेलं पीच, संत्र्याची फुलं, थोडा गुलाब. ती गोड असते, हलकेच फसफसते आणि तिच्यात अल्कोहोल असतं जेमतेम पाच टक्के, साध्या बिअरइतकंच.

नेमक्या याच गुणांमुळे जाणकारांच्या बैठकीत तिला मागची जागा मिळते. गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची, असा एक समज पक्का बसलेला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. कोरडी वाइन करताना यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं आणि खायला काही उरलं नाही की आपणहून थांबतं. मोस्कातोत ते भर कामात अडवायचं असतं आणि बाटली घरी पोहोचेपर्यंत ते पुन्हा जागं होणार नाही, याची खात्रीही द्यायची असते. हे नीट जमायला माणसाला काही शतकं लागली.

सावॉयच्या ड्यूकच्या पदरी जोव्हान बात्तिस्ता क्रोचे नावाचा मिलानचा एक जवाहिऱ्या होता. तुरीनजवळच्या टेकडीवर त्याचा द्राक्षमळा होता. त्या टेकड्यांवरच्या वाइनबद्दल त्याने 1606 साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. गोड, सुवासिक आणि सौम्य वाइन कशी करावी याचा त्यात विचार आहे, म्हणून पिएमोन्तेमधले लोक आजही त्याला मोस्कातोचा जनक मानतात.

पुढे कित्येक पिढ्या शेतकऱ्यांच्या हाती असलेलं मुख्य साधन होतं जाड कापडाच्या पिशव्या. रस आंबू लागला की तो या पिशव्यांत ओतून टांगायचा. यीस्टचा बराच भाग कापडात अडकायचा, रस थेंबथेंब खाली उतरायचा आणि आंबणं मंदावायचं. काही दिवसांनी फेस पुन्हा धरू लागला की पुन्हा गाळायचं. प्रत्येक गाळणीत यीस्ट कमी होई, शिवाय त्याला वाढायला लागणारी पोषकद्रव्यंही घटत. हिवाळ्याची थंडी मदतीला असे. तरी वसंतात हवा तापली की उरलेली साखर पुन्हा आंबायची, बाटलीत दाब चढायचा आणि तळघरात काचा फुटायच्या. मोठ्या कष्टाने केलेली वाइन अशी जमिनीवर सांडलेली पाहणं काय असेल, याची कल्पना कुणाही शेतकऱ्याला करता येईल.

कार्लो गांचा या तरुणाने फ्रान्समध्ये जाऊन शॅम्पेन करण्याची रीत शिकून घेतली आणि 1865 च्या सुमारास कानेल्ली गावात ती मोस्कातोला लावली. इटलीतल्या फसफसत्या वाइनच्या धंद्याची सुरुवात इथे मानतात. पण बाटलीतच आंबवायची ही रीत कोरड्या वाइनला जितकी मानवते तितकी गोड वाइनला नाही. साखर शिल्लक ठेवायची म्हणजे धोकाही शिल्लक ठेवायचा. खरा तोडगा निघाला आस्ती शहरात. तिथल्या सरकारी वाइन संशोधन केंद्राचा संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती याने 1895 मध्ये बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत दाबाखाली आंबवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फ्रान्सच्या यूजेन शार्माने 1907 मध्ये ती सुधारली आणि जगभर नाव झालं ते शार्माचं. इटालियन लोक मात्र तिला आग्रहाने मार्तिनोत्ती पद्धत म्हणतात, आणि त्यांचा आग्रह रास्त आहे.

आज ही वाइन अशी होते. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत द्राक्षं तोडतात. अनेक मळे इतक्या तीव्र उतारांवर आहेत की यंत्र चढत नाही, सगळी तोडणी हातानेच. रस काढून लगेच शून्य अंशाजवळ थंड करून ठेवतात; या थंडीत तो महिनोन्‌महिने न आंबता राहतो. मागणी येईल तसा त्यातला थोडा टाकीत घ्यायचा, किंचित ऊब द्यायची, यीस्ट घालायचं. आंबताना निघणारा वायू बंद टाकीतून बाहेर पडू शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचलं की टाकी झपाट्याने थंड करायची आणि अतिबारीक गाळणीतून गाळून यीस्टचा कणही मागे ठेवायचा नाही.

हिशेब सोपा आहे. एक टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर खर्ची पडते. रसात साखर लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या वर. त्यातली 85 ग्रॅम पाच टक्क्यांसाठी गेली, तर उरलेली शंभराहून अधिक ग्रॅम वाइनमध्येच राहते. वरून साखर घालून आणलेली ही गोडी नव्हे. फळाचीच, न खर्च झालेली. तिला तोलून धरतो तो द्राक्षाचा आंबटपणा. तो कमी पडला की वाइन पाकासारखी लागते, म्हणून तोडणीचा दिवस ठरवणं हेच इथलं खरं कसब.

सुगंधाचं मूळ सालीत आहे. लिनालूल आणि जिरॅनिऑल ही त्यातली मुख्य द्रव्यं. पहिलं आपल्या धण्यातही असतं, दुसरं गुलाबात. मस्कत द्राक्षात ती इतर जातींपेक्षा कितीतरी जास्त असतात. मात्र लिनालूल टिकाऊ नाही. दोन-तीन वर्षांत ताज्या फुलांचा वास ओसरतो आणि वाइन नुसती गोड उरते. म्हणून ही बाटली जपून ठेवू नये. लेबलावरचं साल पाहावं आणि शक्य तितकी अलीकडची घ्यावी.

हा सगळा मुलूख आस्ती, कुनेओ आणि आलेस्सांद्रिया या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. पांढुरकी चुनखडीची माती, बेल्बो नदीचं खोरं, एकामागून एक टेकड्या. कादंबरीकार चेझारे पावेझे 1908 मध्ये इथल्याच सांतो स्तेफानो बेल्बोत जन्मला आणि ‘ला लुना ए इ फालो’ ही त्याची 1950 ची कादंबरी याच टेकड्यांत घडते. त्याच्या टेकड्यांवर गरिबी आणि युद्धाची राखही आहे. या उतारांवर राबणाऱ्यांचं जगणं कसं होतं हे कळायला ती वाचावी. युनेस्कोने 2014 मध्ये लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातोच्या द्राक्षभूमीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जमिनीखाली कोरलेली कानेल्लीची प्रचंड तळघरं त्यात आहेत.

दुकानात दोन नावं दिसतील. ‘आस्ती’ जास्त फेसाळ, अल्कोहोल थोडं अधिक, बूच तारेने बांधलेलं. ‘मोस्कातो दास्ती’चा दाब कमी, कमाल अडीच बार, म्हणून तिला बहुधा साधं बूच पुरतं. दोघींनाही 1993 मध्ये इटलीचा सर्वोच्च, डीओसीजी दर्जा मिळाला. नुसतं ‘मोस्कातो’ लिहिलेल्या बाटल्या कुठल्याही देशाच्या असू शकतात, त्यांचा या टेकड्यांशी संबंध असेलच असं नाही.

पिताना सहा ते आठ अंश थंड असावी. उथळ, पसरट ग्लासात वास उडून जातो; साधा, तोंडाशी निमुळता ग्लास चांगला. पिएमोन्तेमध्ये ती हेझलनटच्या केकबरोबर आणि नाताळात पानेत्तोनेबरोबर घेतात. त्यांचा झाबायोने, म्हणजे अंड्याचा बलक आणि साखर फेटून केलेला गरम फेस, तोही कधी कधी हीच वाइन घालून करतात.

आपल्या फराळाच्या ताटापुरतं सांगायचं तर लाडू आणि अनारशांबरोबर ती घेऊ नये. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन पातळ आणि आंबट लागते. चकली, चिवडा, तिखट शेव यांच्याबरोबर मात्र ती खुलते: मीठ गोडी उठावदार करतं, बुडबुडे तळणीचा तुपकटपणा धुऊन काढतात आणि अल्कोहोल कमी असल्यामुळे तिखटाची आग भडकत नाही. मधुमेहींनी एक लक्षात ठेवावं, दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे चार चमचे साखर असते. बाकीच्यांनी बाटली उघडली की दोन दिवसांत संपवावी, तोवर बूच लावून फ्रीजमध्ये.