९९ टक्के अचूक, तरी दहातले नऊ चुकीचे

मे २०२१, टाळेबंदी सुरू. हैदराबादमध्ये पोलिसांनी सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना अडवलं, मास्क काढायला सांगितलं आणि ते नाही म्हणाल्यावर तसाच फोटो काढला. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध त्यांनी याचिका केली. जानेवारी २०२२ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने सरकारला नोटीस काढली.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: ‘यंत्र ९९ टक्के अचूक आहे, मग त्याने पकडलेला माणूस ९९ टक्के गुन्हेगारच!’

मोजून पाहू. आकडे काल्पनिक आहेत. चारमिनारच्या परिसरात एक लाख माणसं, त्यांत पोलिसांना हवे असलेले १००. यंत्र त्यांतले ९९ हेरतं. शाबास! पण उरलेल्या ९९,९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे ९९९ जणांवरही ते बोट ठेवतं. एकूण १,०९८ जण संशयित, त्यांत खरे ९९. जेमतेम नऊ टक्के.

तांदूळ निवडताना शंभरातला एकच दाणा चुकून खडा म्हणून फेकला, तरी फेकलेल्या ढिगात तांदूळच जास्त भरतील. कारण मुळात खडे थोडे असतात.

गफलत इथे आहे. ‘गुन्हेगारांपैकी किती सापडले’ आणि ‘सापडलेल्यांपैकी किती गुन्हेगार’ हे दोन वेगळे प्रश्न. जाहिरातीत पहिल्याचं उत्तर असतं, रस्त्यात अडवलेल्याला दुसऱ्याचं हवं असतं.

आणि ‘लपवायचं काही नसेल तर भीती कशाला?’ हा सवाल तर त्या ९९९ जणांना विचारून पाहावा. त्यांनी काहीच लपवलेलं नाही.